इफिजेनियाचं हरीण



आपल्या घरांत सूर्यास्ताआधी जेवणं होतात याचा एक फायदा कुणी फारसा सांगत नाही. सात वाजता ओटा पुसून झालेला असतो आणि झोपायला दहा वाजतात. मधले तीन तास मालिका बघणाऱ्यांचे मालिकेत जातात. माझे गेली दोन वर्षं ग्रीसमध्ये गेले.

झालं असं, की मुलगी पुण्याहून घरी आली तेव्हा चार-पाच जाडजूड इंग्रजी पुस्तकं इथेच ठेवून गेली. वर म्हणाली, "आई, तुला पुराणं आवडतात ना, मग ही वाच." सगळी पुस्तकं ग्रीक पुराणकथांवरच्या नव्या कादंबऱ्यांची. मॅडलिन मिलरची ‘सर्सी’, पॅट बार्करची ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’, नॅटली हेन्सची ‘अ थाउजंड शिप्स’, जेनिफर सेंटची ‘इलेक्ट्रा’. मार्गारेट अ‍ॅटवूडची ‘द पेनेलोपियाड’ आणि कोल्म टोबिन यांची ‘हाउस ऑफ नेम्स’ ही दोन मी नंतर मागवली. मूळ कथा होमरच्या ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’तल्या, आणि अथेन्सच्या नाटककारांच्या, म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुन्या. नव्या लेखिका त्याच कथा घेतात, पण सांगायला लावतात कोपऱ्यातल्या बाईला. ट्रॉयचं दहा वर्षांचं युद्ध अकिलीसच्या रथावरून न दिसता त्याच्या तंबूत आणून ठेवलेल्या ब्रिसेइसच्या डोळ्यांनी दिसतं. मी रात्री वाचायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, गहू निवडताना, आईला सांगायची. आई आता माझ्याकडेच असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी तिला बारीक अक्षर लागत नाही. कान मात्र तल्लख आहेत, आणि प्रश्न त्याहून.

आमच्या स्वाध्यायातल्या एक मोठ्या बाई मला म्हणाल्या, "ही विकथा झाली हो. चातुर्मासात हे कशाला?" विकथा म्हणजे काय हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. स्त्रीकथा, राजकथा, चोरकथा, भोजनकथा. आता खरं सांगायचं तर ग्रीक कथांत या चारही ठासून भरलेल्या आहेत. हेलनला पळवून नेली ती स्त्रीकथा आणि चोरकथा एकदमच, तिच्यासाठी राजे लढले ती राजकथा, आणि दर चार पानांनी बैल कापून मेजवानी. मांड्यांची हाडं चरबीत गुंडाळून देवांसाठी जाळायची आणि मांस माणसांनी खायचं, अशी त्यांची रीत. ती पानं मी भराभर उलटते. तेवढ्यासाठी पुस्तक बाजूला ठेवावं का, हा प्रश्न मात्र मला पडला, आणि त्याचं उत्तर मला आपल्याच शास्त्रात सापडलं.

पद्मपुराण आठवा. राजा श्रेणिकाला रात्री झोप येत नाही. त्याच्या मनात शंका: रामकथेत लोक सांगतात ते कसं खरं मानायचं? एवढ्या बलाढ्य राक्षसांना वानरांनी कसं मारलं? कुंभकर्ण सहा-सहा महिने झोपत कसा असेल? तो गौतम गणधरांना विचारतो, आणि मग सगळी कथा नव्याने सांगितली जाते. विमलसूरींनी ती प्राकृतात सांगितली, आणि तीसुद्धा महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पणजीच्या भाषेत. सातव्या शतकात रविषेणाचार्यांनी ती संस्कृतात सांगितली. आपल्या कथेत वानर म्हणजे माकडं नव्हेत, ध्वजावर वानराचं चिन्ह असलेले विद्याधर. रावणाची दहा तोंडं म्हणजे गळ्यातल्या हारात पडलेली प्रतिबिंबं. रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो. आणि सीता धरणीच्या पोटात जात नाही. अग्निदिव्य झाल्यावर राम तिला घरी चल म्हणतो, तेव्हा ती आपल्या हाताने केशलोच करते आणि आर्यिका होते.

आणि कैकेयी! सगळ्या जगाने जिला वाईट ठरवलं ती बाई. आपल्याकडे काय होतं? दशरथाला वैराग्य येतं, तो दीक्षा घ्यायला निघतो. त्याच्या पाठोपाठ भरतही म्हणतो, मीही येतो. नवरा तर चाललाच, आता पोरगाही चालला. त्याला घरात अडकवून ठेवण्यासाठी ती त्याच्यासाठी राज्य मागते. लहानपणी हे ऐकलं तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. स्वतःचा मुलगा शिकायला दूर गेला त्या वर्षी पुन्हा ऐकलं, तेव्हा मी बस्तीत बसल्या बसल्या डोळे पुसले.

मग मला सांगा, लोक जिला चेटकीण म्हणतात त्या सर्सीला मॅडलिन मिलर विचारतात, "बाई गं, तू असं का केलंस?", तर त्यात आपल्याला परकं काय आहे? आपल्या आचार्यांनी हे काम केव्हाच केलेलं आहे. फरक एवढाच, की त्यांच्या कथेचं तोंड मोक्षाकडे होतं आणि या लेखिकांच्या कथांचं तोंड संसाराकडेच आहे.

‘सर्सी’बद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाला एकच पुस्तक वाचायचं असेल तर मी हेच देईन. (शेवट सांगणार आहे, राग मानू नका.) सर्सी ही सूर्यदेवाची मुलगी, अमर, पण देवांच्या घरात सगळ्यांत नावडती. तिला एका निर्जन बेटावर हद्दपार करतात. तिथे ती जडीबुटी शिकते, आणि दारात आलेल्या खलाशांना डुकरं करून टाकते. होमरच्या काव्यात ती असं का करते ते कुणी विचारत नाही. मिलर कारण देतात, आणि ते कारण वाचताना अंगावर काटा येतो. एकटी राहणारी बाई पाहून पुरुष काय करतात ते. होमरने एक गोष्ट मात्र स्वच्छ लिहिली आहे: शरीर डुकराचं झालं तरी आतलं मन पूर्वीचंच राहिलं. हे आईला सांगितलं तर ती गव्हातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "मग सगळ्याच डुकरांचं तसं असतंय की. ह्यांना आत्ता कळलं व्हय?"

त्यांच्यातही कळलेले होते म्हणा. सिसिलीतला एम्पेडोक्लीस नावाचा तत्त्वज्ञ, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला, यज्ञातल्या पशुबळीविरुद्ध बोलला. रूप बदललेल्या आपल्याच मुलाला बाप ओळखत नाही आणि वेदीवर मारतो, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. पायथागोरसही मांस वर्ज्य मानणारा म्हणून प्रसिद्ध होता. प्लुटार्कने तर एक गमतीदार संवाद लिहिला आहे. त्यात सर्सीने डुक्कर केलेला एक जण परत माणूस व्हायला साफ नकार देतो, आणि जनावरं माणसांपेक्षा बरी कशी ते ओडिसियसला पटवून देत बसतो. म्हणजे अहिंसेची चाहूल तिथेही होती. संघ मात्र टिकला नाही, आणि ते ज्ञान पुस्तकात राहिलं.

पण सर्सीचा शेवट! हजारो वर्षं जगून झाल्यावर ती ठरवते, अमरपण नको. मर्त्य होण्यासाठी ती स्वतःच काढा करते आणि वाटी ओठाला लावते. परदेशातल्या वाचकांना हे फार धक्कादायक आणि सुंदर वाटलं म्हणे. मला सुंदर वाटलं, धक्का बसला नाही. देवगती ही काही पोहोचायची जागा नव्हे, तिथलं आयुष्य कितीही सागरोपम असलं तरी ते संपतं, आणि सुटका व्हायची तर मनुष्यभवातूनच, हे आपण पाठशाळेत शिकलोय. स्वर्गातल्या सुखात संयम पाळता येत नाही. सर्सीला ते आपल्या वाटेने कळतं: देव बदलत नाहीत, म्हणून त्यांना काही शिकताही येत नाही. मिलर बाई शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकवत असत. त्यांना आपलं तत्त्वज्ञान माहीत असण्याचं काही कारण नाही, पण ती वाटी उचलणारी बाई मला आपल्यातलीच वाटली.

आता ज्या कथेसाठी हा लेख लिहायला बसले तिच्याकडे येते.

ग्रीकांची जहाजं ट्रॉयवर स्वारीला निघालेली. ऑलिस नावाच्या बंदरात सगळी जमली आणि वारा पडला. दिवसामागून दिवस गेले, शिडं लोंबत राहिली, सैन्याचं धान्य संपत आलं. ज्योतिषी म्हणाला, आर्टेमिस देवी रागावली आहे. सेनापती आगामेम्नॉन राजाने तिच्या वनातलं हरीण मारलं आणि वर आपल्या नेमबाजीची फुशारकी मारली, असं कथेच्या एका परंपरेत सांगतात. आता वारा हवा असेल तर राजाने आपल्या थोरल्या मुलीचा, इफिजेनियाचा, बळी द्यायचा. राजाने घरी राणीला निरोप पाठवला: मुलीला घेऊन ये, अकिलीसशी तिचं लग्न ठरवलंय. क्लायटेम्नेस्ट्रा राणी मुलीला नटवून, आहेर बांधून, आनंदाने घेऊन आली.

मांडवात पोहोचल्यावर तिला कळलं.

युरिपिडीसच्या नाटकाचा आज जो शेवट मिळतो त्यात सुरी उगारल्यावर चमत्कार होतो. मुलगी अदृश्य होते आणि वेदीवर तिच्या जागी एक हरीण तडफडत पडलेलं असतं. हे सांगायला दूत धावत येतो. पण राणीचा विश्वास बसत नाही. माझं समाधान करायला ही गोष्ट रचली असेल, असं तिला वाटतं. सेंट आणि टोबिन यांनी तर ते हरीण काढूनच टाकलंय. त्यांच्या कादंबऱ्यांत मुलगी मरते. आईच्या रागाला कुठलीही पळवाट ठेवलेली नाही.

हे सगळं मी आईला दोन दुपारी सांगितलं. पहिल्या दुपारी ती गप्प होती. दुसऱ्या दुपारी मी हरणाचं सांगितलं तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

"म्हणजे बघ. एक हरीण मारलं म्हणून देवी रागावली. आणि शांत झाली ती दुसरं हरीण मारल्यावर?"

दोन वर्षांत मी एवढं वाचलं, प्रस्तावना वाचल्या, पण हा प्रश्न कुणी विचारलेला मला आढळला नाही. बळी वाचला म्हणजे मुलगी वाचली, एवढंच सगळे बघतात. हरीण हे तिथे सुटकेचं साधन. त्याला नाव नाही, आई नाही.

"आपल्यात बी लग्नच होतं की," आई म्हणाली. तिला काय म्हणायचंय ते तुम्हाला सांगायला नको. जुनागढला वरात निघालेली, उग्रसेनाच्या घरी राजुल नटून बसलेली, आणि वाटेत कोंडवाड्यातून जनावरांचा आक्रोश ऐकू येतो. नेमिकुमार सारथ्याला विचारतात, ही इथे का कोंडली आहेत? उत्तर ऐकतात आणि रथ वळवतात. गिरनारकडे. दोन्ही कथांत लग्नाचा मांडव, दोन्ही कथांत हरणं, आणि दोन्ही कथांत लग्न होत नाही. एकीकडे जनावरांसाठी नवरदेव मागे फिरतो. दुसरीकडे वाऱ्यासाठी बाप पुढे होतो.

मी त्या रात्री यशोधर राजाचा विचार करत पडले होते. यशोधराने आईच्या आग्रहाखातर जिवंत कोंबडा न मारता पिठाचा कोंबडा मारला, तरीही दोघांना किती भव तिर्यंच गतीत भोगावे लागले, ते आपण ऐकलेलं आहे. का? तर मारण्याचा संकल्प झाला होता. पीठ होतं म्हणून भाव बदलत नाही. या हिशेबाने ऑलिसच्या वेदीवर शेवटी हरीण होतं की मुलगी, याने आगामेम्नॉनच्या बाबतीत काहीच फरक पडत नाही. त्याने निरोप लिहिला तेव्हाच जे व्हायचं ते झालं. आणि म्हणून हरीण येऊनही राणीचा राग खोटा ठरत नाही. परदेशी लेखकांना तिचा राग खरा ठरवायला हरीण कथेतून काढावं लागलं. आपल्याला तेवढीही गरज नाही.

आता थोडं घरचं. आईची परवानगी घेऊन लिहिते आहे.

२००५ साली कायदा बदलला आणि मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला. हिंदू वारसा कायदा आपल्या समाजालाही लागू आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींना हे भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं तेव्हाच कळलं. आईच्या माहेरचा नदीकाठचा मळा. आजोबा गेले आणि वर्षभरात निरोप आला: सही करायला ये. आई गेली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटो काढला, अंगठा घेतला, सही घेतली. परत येताना तिच्या हातात साडी, नारळ आणि घरच्या गुळाची ढेप होती. तिने मनापासून सही केली होती, हे मी तिच्या बाजूने सांगते. तिला मळा नकोच होता. तिला माहेर हवं होतं.

माहेर त्या दिवशी संपलं. का, ते आम्हाला आजही ठाऊक नाही. भांडण झालं नाही, शब्द झाला नाही. पुढच्या वर्षी भाच्याच्या लग्नाची पत्रिका पोस्टाने आली, लग्न होऊन गेल्यावर. मग फोन थांबले. आई मात्र दरवर्षी दशलक्षण संपलं, की क्षमावाणीच्या दिवशी भावाला फोन करते. पलीकडून सून उचलते. "ते मळ्यात गेलेत." आई म्हणते, "बरं, त्यास्नी माझी उत्तम क्षमा सांग." आणि फोन ठेवते. चौदा-पंधरा वर्षं हे चाललंय.

तेव्हा ‘इलेक्ट्रा’ वाचताना माझं काय झालं असेल ते ओळखा. क्लायटेम्नेस्ट्रा दहा वर्षं वाट बघते. नवरा युद्ध जिंकून परत येतो तेव्हा हसून स्वागत करते, त्याच्या पायाखाली जांभळ्या पायघड्या घालते आणि आत नेऊन मारते. पानागणिक मला ती पटत गेली. इतकी पटली की मध्येच पुस्तक मिटून देवघरात जाऊन बसले. कुणी सही घेताना हसतं, कुणी पायघड्या घालताना.

पॅट बार्करची ब्रिसेइस दुसरीच. अकिलीसने तिचा नवरा आणि भाऊ मारलेले, आणि ती त्याच्याच तंबूत राहते, त्याच्या पाहुण्यांना पेले भरून देते. ट्रॉयचा म्हातारा राजा मुलाचं प्रेत मागायला येतो आणि मुलाला मारणाऱ्याचे हात चुंबतो. सगळं जग त्याच्या मोठेपणाने गहिवरतं. ब्रिसेइस बघत असते आणि तिच्या मनात येतं, की बायकांना तर याहून जास्त रोजच करावं लागतं, त्याचं कुणी काव्य करत नाही. हे पुस्तक फार कठोर आहे, सांगून ठेवते. मन हळवं असताना हातात घेऊ नका. पण मला त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. ब्रिसेइस गप्प आहे, तिने क्षमा केलेली नाही. तिला बोलायला जागाच नाही. आपल्याकडे बाईच्या या गप्प बसण्यालाच पुष्कळदा क्षमा म्हणून टाकतात, आणि वरून तिला उत्तम हे विशेषणही लावतात. मला आईच्या फोनबद्दल हीच शंका होती.

एक दिवस विचारलंच. "आई, तू दरवर्षी क्षमा कशाला मागतेस? तुझं काय चुकलंय?"

"मागतीय कुठं? देतीय," ती म्हणाली. "त्यानं घेतली न्हाई तर ती माझ्याकडं परत येतीय. पुढल्या वर्षी परत पाठवायची."

मग मी तिला क्लायटेम्नेस्ट्राने नवऱ्याला कसं मारलं ते सांगितलं. मला वाटलं होतं ती कानावर हात ठेवेल. तिने फक्त एवढंच विचारलं, "मग झोप लागली का तिला?"

नाही लागली. एस्किलसच्या नाटकात तिला स्वप्न पडतं. तिला साप होतो, ती त्याला बाळासारखं दुपट्यात गुंडाळते, अंगावर पाजते, आणि दुधाबरोबर रक्त येतं. तो साप म्हणजे तिचाच मुलगा ओरेस्टीस. तो येऊन बापाच्या खुनाबद्दल आईला मारतो. त्या घराण्याची सगळी साखळीच अशी. खापरपणजोबा टँटलसने मुलाला कापून देवांना वाढलं. आजोबा, काका, सगळे एकमेकांची मुलं मारण्यात गुंतलेले. प्रत्येकाकडे कारण आहे, आणि प्रत्येकाचं कारण खरं आहे.

"कमठ," आई म्हणाली.

खरंच की. कमठ आणि मरुभूती, सख्खे भाऊ. मरुभूतीचा काही अपराध नव्हता, उलट तोच भावाची क्षमा मागायला रानात गेला. कमठाने त्याच्या डोक्यात शिळा घातली. मग एक हत्ती झाला, दुसरा साप झाला. भवामागून भव एक मारतो, एक मरतो, थेट पार्श्वप्रभूंवर उपसर्ग होईपर्यंत. पण ग्रीक कथेत आणि यात एक मोठा फरक आहे, आणि तो मला फार दिवसांनी सुचला. ग्रीकांत वैर रक्तातून खाली उतरतं. आजोबाचं कर्ज नातू फेडतो, त्याने काही केलेलं नसलं तरी. आपल्याकडे जो करतो तोच भोगतो, शरीर बदललं तरी. आणि त्यामुळे साखळी तोडणंही त्याच्याच हातात राहतं. मरुभूतीचा जीव भवाभवांतून मऊ होत गेला. कमठाचा झाला नाही. साखळी दोघांची होती, पण सुटला एकच.

हे लिहिताना सोपं वाटतं. मरुभूतीने क्षमा मागितली आणि डोक्यात शिळा बसली, हे मी विसरू शकत नाही.

ओरेस्टीसचा शेवट सांगायचा राहिला. आईला मारल्यावर सूडाच्या देवता, काळ्या, भेसूर म्हाताऱ्या, त्याच्या मागे लागतात. शेवटी अथेन्सला न्यायालय भरतं. इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये हे नाटक पहिल्यांदा झालं, आणि सूडाऐवजी न्याय कसा आला याची कथा म्हणून जगभर त्याचा गौरव होतो. पंचांची मतं सारखी पडतात आणि अथेना देवीच्या मताने ओरेस्टीस सुटतो. तिचं कारण काय? तर मला आई नाही, मी बापाच्या डोक्यातून जन्मले, म्हणून मी बापाच्या बाजूची. अपोलो तर म्हणतो, आई ही खरी जन्मदाती नव्हेच, ती बापाचं बीज सांभाळणारी. इफिजेनियासाठी त्या न्यायालयात कुणीही उभं राहत नाही.

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. "जिला आई न्हाई तिला पंच केलंय व्हय!"

मी हसले नाही. मला ती कचेरी आठवली, तिथला फोटो, अंगठा. सगळे कागद चोख होते.

या वर्षीच्या क्षमावाणीला आईने फोन लावला तेव्हा मी शेजारीच होते. सुनेने उचलला. "ते मळ्यात गेलेत." आई म्हणाली, "मळ्यात फोन चालतोय की त्याचा. त्याला म्हणावं, जमिनीचं मी काढत न्हाई. तू बोलत न्हाईस त्याचं मी काढतीय. उत्तम क्षमा." आणि ठेवला. इतक्या वर्षांत ही दोन वाक्यं तिने पहिल्यांदाच म्हटली. ती क्लायटेम्नेस्ट्राची नव्हेत आणि ब्रिसेइसचीही नव्हेत. संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर फोन वाजला. मामाच होता. "अक्का, डोळं कसं हाईत आता?" एवढं विचारलं. तीन-चार मिनिटं ऑपरेशनबद्दल आणि पावसाबद्दल बोलला. मळ्याचा विषय नाही, लग्नाचा नाही, चुकलं हा शब्द नाही. माझं समाधान झालं नाही. आईचं झालं असावं, कारण ती लगेच झोपली.

परवा बस्तीत शास्त्र सुरू व्हायला वेळ होता म्हणून ओसरीवर बायका बसल्या होत्या, आणि मी आतून ऐकलं तर आई त्यांना ऑलिसची गोष्ट सांगत होती. आगामेम्नॉनचा तिने अगमराजा केला होता. क्लायटेम्नेस्ट्रा तिच्या जिभेवर बसत नाही, म्हणून ती नुसती राणी. मुलगी एफी. मांडव पडलाय, वारा पडलाय, जहाजं खोळंबली आहेत. राजा मुलीला घेऊन वेदीकडे निघतो, तर वाटेत एक हरीण उभं. ते राजाकडे बघतं. आदल्या दिवशी मारलेल्या हरणाची ही आई, असं तिने स्वतःच घातलं होतं. राजाच्या हातातली सुरी गळून पडते.

"मग वारा?" कुणीतरी विचारलं.

"वारा आलाच न्हाई. कशाला येतोय? सगळे आपापल्या घरी गेले."

"आणि मग ती जहाजं?" आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या अडत दुकान आहे.

आईने क्षणभर विचार केला. "धान्य न्यायला वापरली असतील," ती म्हणाली.